संचालन प्रणालीच्या अपग्रेडनंतर संदेशन ॲपचे दोषनिवारण

संगणकाच्या संचालन प्रणालीची, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीमची, जुनी आवृत्ती जाऊन नवी आवृत्ती आल्यावर संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या ॲपमध्ये जे बिघाड उद्भवतात, त्यांची कारणे शोधून ते दूर करण्याच्या पद्धतीस संदेशन ॲपचे अपग्रेडोत्तर दोषनिवारण असे म्हणता येते. ॲप न उघडणे, उघडूनही सर्व्हरशी न जोडले जाणे, जुने संदेश न दिसणे, नव्या संदेशाची सूचना न येणे, कॉलमध्ये आवाज किंवा चित्र न जाणे आणि देवनागरी मजकूर नीट न उमटणे हे या बिघाडांचे नेहमीचे प्रकार होत.

अशा वेळी संदेश बहुधा संगणकावर शाबूत असतात; ॲप आणि प्रणाली यांच्यातील एखादा दुवा मात्र तुटलेला असतो. घाईने ॲप काढून पुन्हा बसवल्यास शाबूत असलेले संदेशही कायमचे जाऊ शकतात. म्हणून या दोषनिवारणात उपायांइतकेच त्यांच्या क्रमालाही महत्त्व आहे.

व्याप्ती

संचालन प्रणालीतील बदल दोन प्रकारचे असतात. सुरक्षेतील त्रुटी बुजवण्यासाठी वरचेवर येणाऱ्या लहान बदलांना अपडेट म्हणतात. एक आवृत्ती सोडून पुढच्या आवृत्तीवर जाणे, उदाहरणार्थ विंडोज १० वरून विंडोज ११ वर किंवा मॅकओएसच्या एका नामांकित आवृत्तीवरून दुसरीवर, याला अपग्रेड म्हणतात. अपग्रेडमध्ये प्रणालीचे मूळ घटक, सुरक्षेचे नियम, हार्डवेअर चालवणारे ड्रायव्हर आणि काही वेळा वापरकर्त्याच्या सेटिंग्जही बदलतात. त्यामुळे बिघाडाची शक्यता लहान अपडेटपेक्षा अपग्रेडमध्ये अधिक असते.

विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी प्रसृत झाली आणि तिचा सर्वसाधारण आधारकाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण आवश्यक आहे. या अटी जुने संगणक पूर्ण करू शकत नाहीत. त्यामुळे अनेक ठिकाणी अपग्रेडबरोबर संगणकही बदलतो आणि संदेश नव्या यंत्रावर नेण्याचा प्रश्न त्यात मिसळतो. दोषनिवारण करताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे हिताचे असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

संगणकावरील तत्काळ संदेशनाचा प्रसार १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. १९९६ मध्ये आयसीक्यू, १९९७ मध्ये एओएल इन्स्टंट मेसेंजर, १९९८ मध्ये पुढे याहू मेसेंजर या नावाने ओळखली गेलेली सेवा आणि १९९९ मध्ये एमएसएन मेसेंजर अशा सेवा एकामागून एक सुरू झाल्या. प्रणालीच्या बदलाचा संदेशनावर होणारा परिणाम पुढील काही प्रसंगांतून स्पष्ट होतो.

ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीसाठी सर्व्हिस पॅक २ आला. त्याने विंडोज फायरवॉल मूळ स्थितीतच चालू ठेवली. बाहेरून येणारी जोडणी फायरवॉल अडवू लागली. मजकूर संदेश सर्व्हरमार्फत जात असल्याने ते पोहोचत. पण ज्या सुविधांना दोन संगणकांमध्ये थेट जोडणी लागे, त्या फाइल पाठवण्यासारख्या सुविधा परवानगी दिल्याशिवाय अडू शकत. याच सर्व्हिस पॅकने स्थानिक जाळ्यावर सूचना पाठवणारी 'मेसेंजर' ही जुनी सेवा मूळ स्थितीत बंद केली. तिचा आणि विंडोज मेसेंजर या ॲपचा संबंध नव्हता. मात्र नावातील साम्यामुळे दोहोंची गल्लत होत असे. विंडोज मेसेंजर हे ॲप एक्सपीबरोबर येई. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टामध्ये ते समाविष्ट नव्हते.

ॲपल कंपनीने २५ जुलै २०१२ रोजी आणलेल्या ओएस एक्स माउंटन लायन या आवृत्तीत आयचॅटची जागा मेसेजेस या ॲपने घेतली. ७ ऑक्टोबर २०१९ रोजी आलेल्या मॅकओएस कॅटॅलिनाने ३२ बिटची ॲप चालवणे पूर्णतः थांबवले. ज्या ॲपच्या निर्मात्यांनी ६४ बिटची आवृत्ती काढली नव्हती, ती ॲप या अपग्रेडनंतर उघडेनाशी झाली. अशा ठिकाणी सेटिंग्ज बदलून काही साधत नाही. ॲपची नवी आवृत्ती घेणे किंवा पर्यायी ॲप वापरणे एवढाच मार्ग उरतो.

काही वेळा दोष अपग्रेडचा नसतोच. एओएल इन्स्टंट मेसेंजर १५ डिसेंबर २०१७ रोजी, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ रोजी, आयसीक्यू २६ जून २०२४ रोजी आणि स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाले. बंद पडलेल्या सेवेचे ॲप नव्या प्रणालीवर उघडले तरी त्यात प्रवेश मिळत नाही. म्हणून ज्या सेवेत अडचण आली ती चालू आहे ना, हे प्रथम पाहणे उचित ठरते.

संदेशन ॲपची रचना

बिघाड कोठे आहे हे कळण्यासाठी ॲपचे पाच भाग वेगळे ओळखावे लागतात.

पहिला भाग म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्रॅम. तो प्रणालीच्या विशिष्ट आवृत्त्यांसाठी तयार केलेला असतो. दुसरा भाग म्हणजे संगणकावर साठलेली विदा: संदेशांचा संग्रह, छायाचित्रे आणि सेटिंग्ज. ही विदा साधारणतः प्रोग्रॅमपासून वेगळ्या, वापरकर्त्याच्या खात्यातील फोल्डरमध्ये असते. तिसरा भाग किल्ल्यांचा. ज्या ॲपमध्ये संदेशसंग्रह कुलूपबंद ठेवला जातो, तेथे कुलूप उघडणारी किल्ली प्रणालीच्या तिजोरीत ठेवलेली असू शकते. मॅकओएसमध्ये या तिजोरीला कीचेन म्हणतात. लिनक्समध्ये ग्नोम कीरिंग किंवा केवॉलेट ही साधने हे काम करतात. चौथा भाग म्हणजे सर्व्हरशी होणारी जोडणी. पाचवा भाग म्हणजे कॅमेरा, मायक्रोफोन, सूचना आणि पडदा दाखवणे यांसाठी प्रणालीने दिलेल्या परवानग्या.

संदेश कोठे साठतात याबाबत ॲपमध्ये मूलभूत फरक आहेत. टेलिग्रामचे साधे संवाद कंपनीच्या सर्व्हरवर असतात. त्यामुळे नव्या संगणकावर प्रवेश करताच ते पुन्हा दिसतात. व्हॉट्सॲप आणि सिग्नल यांत एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असते, म्हणजे संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्या उपकरणांशिवाय तो कोणासही वाचता येत नाही. पोहोचलेल्या संदेशांचा वाचता येण्याजोगा संग्रह सर्व्हरवर राहत नाही. जी तरतूद परक्या नजरेपासून संदेशाचे रक्षण करते, तिच्यामुळेच उपकरणावरील विदा गेल्यास कंपनीकडे दाद मागून ती परत मिळत नाही.

बिघाडाची कारणे

विसंगत आवृत्ती: अपग्रेडनंतर ॲपची जुनी आवृत्ती नव्या प्रणालीशी जुळत नाही. ॲप क्षणभर उघडून बंद होणे किंवा मुळीच न उघडणे हे याचे लक्षण. लिनक्समध्ये याची वेगळी उदाहरणे आढळतात. उबुंटू २२.०४ पासून ॲपइमेज प्रकारच्या अनेक फाइलींना लागणारा जुना फ्यूज घटक मूळ प्रणालीत बसवलेला नसतो. उबुंटू २४.०४ मध्ये सुरक्षेसाठी घातलेल्या निर्बंधामुळे इलेक्ट्रॉन या चौकटीवर आधारित काही ॲपइमेज सुरू होत नाहीत. तसेच उबुंटूच्या आवृत्तीचे अपग्रेड होताना बाहेरील स्रोतांतून जोडलेली भांडारे बंद केली जातात. ॲप चालू राहते, पण त्याचे अपडेट येणे थांबते, आणि दोष काही महिन्यांनी प्रकट होतो.

हरवलेल्या परवानग्या: मॅकओएस मोहावीपासून, म्हणजे २०१८ पासून, कॅमेरा व मायक्रोफोन वापरण्यासाठी ॲपला वापरकर्त्याची संमती घ्यावी लागते. कॅटॅलिनाने पडदा दाखवणे आणि सूचना देणे यांनाही हा नियम लावला. २०२४ मधील मॅकओएस सिक्वोयामध्ये स्थानिक जाळ्यावरील इतर उपकरणे शोधण्यासाठीही संमती लागते. विंडोजमध्येही गोपनीयतेच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा व मायक्रोफोनचे स्वतंत्र खटके आहेत. संमतीची चौकट घाईत नाकारली गेली असेल, तर ॲपमध्ये कोणतीही चूक न दिसता समोरच्यास आवाज ऐकू जात नाही.

मूक झालेल्या सूचना: विंडोज व मॅकओएस या दोन्ही प्रणालींत ठरावीक वेळी सूचना रोखून धरण्याची सोय आहे. ती चालू राहिली तर संदेश येतात, पण सूचना येत नाही. संदेश उशिरा येतात अशी तक्रार अनेकदा यातूनच उद्भवते. ॲप उघडताच सर्व संदेश वेळच्या वेळी आलेले दिसले, तर दोष जोडणीत नसून सूचनांत आहे असे समजावे.

जोडणीतील अडथळे: अपग्रेडमध्ये फायरवॉलचे नियम बदलू शकतात. जुन्या विषाणूरोधक प्रोग्रॅमचा किंवा व्हीपीएनचा ड्रायव्हर नव्या प्रणालीत अर्धवट उरला, तर तो जोडणी अडवतो. एक्सएमपीपी या खुल्या पद्धतीवर चालणारी ॲप सामान्यतः ५२२२ क्रमांकाचे पोर्ट वापरतात. संकेतस्थळे ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतात. त्यामुळे संकेतस्थळे उघडतात पण ॲप जोडले जात नाही, अशी स्थिती उद्भवू शकते.

घड्याळ व प्रमाणपत्रे: सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राला आरंभाची व समाप्तीची तारीख असते. संगणकाची तारीख चुकली तर वैध प्रमाणपत्रही अवैध ठरते आणि ॲप जोडणी नाकारते. मदरबोर्डवरील बॅटरी संपणे हे तारीख चुकण्याचे एक कारण. एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स दोन्ही असतील, तर आणखी एक कारण संभवते. विंडोज यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेचे मानते, तर लिनक्स सामान्यतः ते जागतिक प्रमाणवेळेचे मानते. भारतात या दोहोंतील अंतर ५ तास ३० मिनिटांचे असल्याने लिनक्सवरून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले दिसते.

उलट, अपग्रेड न केल्यामुळेही जोडणी तुटू शकते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर विसंबून होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. त्या दिवशी अनेक जुन्या प्रणालींवर काहीही न बदलता सुरक्षित जोडण्या अयशस्वी झाल्या.

किल्ली न सापडणे: विदा शाबूत असूनही तिची किल्ली मिळाली नाही, तर ॲप संग्रह उघडू शकत नाही. सिग्नलच्या संगणकीय आवृत्तीत संग्रहाची किल्ली २०२४ पासून प्रणालीच्या तिजोरीच्या साहाय्याने जपली जाते. लिनक्समध्ये डेस्कटॉप बदलल्याने ग्नोमच्या तिजोरीऐवजी केवॉलेट वापरात आले, तर तिजोरी बदलल्याची सूचना देऊन ॲप थांबते. पूर्वीची तिजोरी पुन्हा वापरात आणल्यास तोच संग्रह उघडू शकतो. म्हणून अशा वेळी संग्रह पुसून नव्याने आरंभ करण्याचा पर्याय निवडण्यापूर्वी थांबावे.

उपकरणाची जोड तुटणे: व्हॉट्सॲप व सिग्नल यांच्या संगणकीय आवृत्त्या मोबाइलवरील मूळ खात्याला जोडलेल्या असतात. व्हॉट्सॲपमध्ये मुख्य फोन १४ दिवसांहून अधिक काळ वापरला नाही, तर जोडलेली उपकरणे बाहेर पडतात. संगणक दुरुस्तीला देताना फोनही बंद राहिला असेल, तर दोष अपग्रेडचा वाटतो. वास्तविक तो या नियमाचा परिणाम असतो.

निदान

निदानाचे सूत्र सोपे आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक पायरीतून एक शक्यता बाद करावी. पुढील चार प्रश्न त्यासाठी उपयोगी पडतात.

१. तेच खाते फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर चालते का? चालत नसेल, तर दोष सेवेत किंवा खात्यात आहे. अपग्रेड झालेल्या संगणकात शोधून उपयोग नाही.

२. त्या संगणकावर ब्राउझरमधून तीच सेवा चालते का? व्हॉट्सॲपची वेब आवृत्ती जानेवारी २०१५ पासून उपलब्ध आहे. ब्राउझरमध्ये सेवा चालली आणि ॲपमध्ये चालली नाही, तर इंटरनेटची जोडणी ठीक असून दोष ॲपमध्ये, त्याच्या परवानग्यांत किंवा फायरवॉलच्या नियमात आहे.

३. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक जोडल्यास ॲप चालते का? चालत असेल, तर घरच्या किंवा कार्यालयाच्या जाळ्यातील निर्बंध कारणीभूत आहे.

४. त्याच संगणकावर नवे वापरकर्ता-खाते उघडून त्यात ॲप सुरू होते का? होत असेल, तर प्रोग्रॅम ठीक आहे आणि दोष मूळ वापरकर्त्याच्या विदेत किंवा सेटिंग्जमध्ये आहे. होत नसेल, तर प्रोग्रॅम व प्रणाली यांची जुळणी तपासावी. ही चाचणी जुन्या विदेला स्पर्श करीत नाही.

पडद्यावर आलेला दोषाचा संदेश जसाच्या तसा लिहून ठेवावा किंवा त्याचे छायाचित्र घ्यावे. 'चालत नाही' या शब्दांतून दुसऱ्याला काहीच कळत नाही. दोषसंदेश, प्रणालीची आवृत्ती आणि ॲपची आवृत्ती या तीन गोष्टींवरून बरेच काही कळते.

निवारणाचा क्रम

उपाय करताना विदेला धक्का न लावणारे उपाय आधी आणि विदा पुसू शकणारे उपाय शेवटी, असा क्रम पाळतात.

प्रथम संगणक पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू करावा. अपग्रेडची काही कामे पुढील आरंभाच्या वेळी पूर्ण होतात. विंडोजमध्ये 'शट डाउन' केल्यावर प्रणालीचा काही भाग जपून ठेवला जात असल्याने या कामासाठी 'रीस्टार्ट' निवडणे योग्य असते. त्यानंतर तारीख, वेळ आणि कालविभाग तपासून वेळ आपोआप जुळवण्याची सोय चालू करावी. तिसऱ्या पायरीवर प्रणालीचे उरलेले लहान अपडेट आणि ॲपची नवी आवृत्ती घ्यावी. ॲप ज्या मार्गाने बसवले होते, त्याच मार्गाने नवी आवृत्ती घेणे हिताचे. ॲप-भांडारातील आणि संकेतस्थळावरील आवृत्त्या आपली विदा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवू शकतात, आणि मग जुने संदेश नाहीसे झाल्याचा भास होतो.

चौथ्या पायरीवर परवानग्या, सूचना, फायरवॉल, व्हीपीएन आणि विषाणूरोधक प्रोग्रॅम तपासावेत. फायरवॉल पूर्ण बंद ठेवणे हा उपाय नव्हे; केवळ त्या ॲपला वाट करून द्यावी. पाचव्या पायरीवर ॲपमधून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करण्याचा विचार करावा. मात्र काही ॲपमध्ये बाहेर पडताच त्या उपकरणावरील संदेश पुसले जातात, हे आधी तपासावे.

सहावी पायरी विदेची प्रत काढण्याची. ॲप पूर्ण बंद करून त्याचे विदा-फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवावे. प्रत असली म्हणजे ती हमखास उघडेल असे नाही, कारण किल्ली प्रणालीच्या तिजोरीत असू शकते; तरीही प्रत नसण्यापेक्षा ती असणे बरे. यानंतरच सातवी व शेवटची पायरी, म्हणजे ॲप काढून पुन्हा बसवणे, घ्यावी. मॅकओएसमध्ये ॲप कचरापेटीत टाकल्यावर त्याची विदा सहसा लायब्ररी फोल्डरमध्ये मागे राहते. विंडोजच्या ॲप-भांडारातून घेतलेले ॲप काढल्यास मात्र त्याची स्थानिक विदाही पुसली जाते. एकाच वाटणाऱ्या कृतीचा परिणाम दोन ठिकाणी असा भिन्न होतो.

देवनागरी मजकुराचे प्रश्न

मराठी वापरकर्त्यांना अपग्रेडनंतर अक्षरांविषयी काही वेगळ्या अडचणी येतात. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसणे म्हणजे लागणारा फॉन्ट उपलब्ध नसणे. विंडोज ८ पासून भारतीय लिप्यांसाठी निर्मला यूआय हा फॉन्ट प्रणालीत येतो. पूर्वी सर्रास वापरला जाणारा मंगल हा फॉन्ट विंडोज १० पासून देवनागरीच्या पूरक फॉन्टमध्ये गणला जातो आणि तो ऐच्छिक सुविधांतून बसवता येतो. ज्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये मंगलची निवड पूर्वीपासून केलेली आहे, तेथे नव्या संगणकावर अक्षरांचे रूप बदललेले दिसते.

मराठी कळफलक नाहीसा झाल्यास भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी पुन्हा जोडावी लागते. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट कळफलकाबरोबर २०१९ च्या मे महिन्यातील आवृत्तीपासून उच्चारानुसारी कळफलकही उपलब्ध आहे. दोहोंतील कळांची मांडणी भिन्न असल्याने चुकीचा कळफलक निवडला गेल्यास अक्षरे उमटतात, पण भलतीच.

युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपी, आकृती यांसारख्या पद्धतींत टंकलेला मजकूर संदेशात चिकटवल्यास तो रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक पुंजका दिसतो. हा दोष अपग्रेडचा नसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करूनच पाठवावा लागतो.

मराठीतील अर्ध्या 'र'चे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे शब्द भिन्न आहेत: पहिल्यात गुरुजन अभिप्रेत आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. 'ऱ्य' हे रूप युनिकोडमध्ये दोन प्रकारे साधता येते. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर हलन्त करून वापरतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरतात. अपग्रेडनंतर कळफलक बदलला आणि जोडचिन्ह टंकण्याचे राहिले, तर आचाऱ्यांचे आचार्य होतात. दोन्ही प्रकार डोळ्यांना सारखे दिसले तरी संगणकाच्या लेखी ते वेगळे असतात. त्यामुळे जुन्या कळफलकाने लिहिलेला शब्द नव्या कळफलकाने शोधल्यास सापडत नाही आणि जुने संदेश हरवल्याचा समज होतो. अशा वेळी शब्दाचा 'ऱ्य' नसलेला भाग टंकून शोध घ्यावा.

संदेश परत मिळवणे

विंडोजचे अपग्रेड करताना वैयक्तिक फाइली व ॲप दोन्ही राखणे, केवळ फाइली राखणे किंवा काहीच न राखणे असे तीन पर्याय असतात. दुसऱ्या पर्यायात ॲप जातात. अपग्रेडनंतर जुन्या प्रणालीचा संचय 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये राहतो. मूळ योजनेनुसार १० दिवसांनंतर तो आपोआप पुसला जातो आणि पूर्वीच्या आवृत्तीकडे परतण्याची सोयही त्याबरोबर संपते. संदेश दिसेनासे झाले असतील, तर या मुदतीच्या आत हे फोल्डर पाहणे आवश्यक ठरते. डिस्कवर जागा करण्यासाठी ते आधीच पुसणे टाळावे.

मॅकओएसमध्ये टाइम मशीनने घेतलेली प्रत असल्यास तीतून जुनी विदा मिळवता येते. २०१८ पासून मेसेजेस ॲपचा संग्रह आयक्लाउडवर ठेवण्याचीही सोय आहे. ती चालू असेल तर प्रवेशानंतर संदेश हळूहळू उतरतात आणि त्यास बराच वेळ लागू शकतो. व्हॉट्सॲपमध्ये संगणक पुन्हा जोडल्यावर अलीकडच्या काळातील संदेश फोनवरून येतात. संपूर्ण इतिहास फोनवरच पाहावा लागतो. सिग्नलने जानेवारी २०२५ मध्ये नवे उपकरण जोडताना संवाद आणि मागील ४५ दिवसांतील माध्यमफाइली आणण्याची सोय जाहीर केली. त्यापूर्वी नव्याने जोडलेल्या संगणकावर जुने संदेश येत नसत.

या सर्वांचा अर्थ असा की फोनवरील संग्रह सुरक्षित असेपर्यंत संगणकावरील हानी बहुतांशी भरून निघते. संगणक आणि फोन एकाच वेळी बदलणे म्हणूनच टाळावे.

फसवणुकीचा धोका

अडचणीत सापडलेला वापरकर्ता मदत शोधत असतो आणि फसवणूक करणारे नेमकी हीच वेळ साधतात. शोधयंत्रात सापडलेल्या बनावट मदतक्रमांकावर दूरध्वनी केल्यास संगणकाचा दूरस्थ ताबा देणारे ॲप बसवण्यास सांगितले जाते. काही वेळा पडताळणीचा सहा अंकी संकेत किंवा क्यूआर चिन्ह मागितले जाते. या संकेताच्या आधारे खाते दुसऱ्याच्या उपकरणावर नेता येते. दुसऱ्याने पाठवलेले क्यूआर चिन्ह फोनमधील जोडणीच्या पडद्यावर टिपल्यास वापरकर्त्याचे संदेश त्या अनोळखी संगणकावर दिसू लागतात. फोनमधील जोडलेल्या उपकरणांची यादी पाहून अपरिचित उपकरण लगेच काढून टाकावे. भारतात आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर नोंदवता येते. ती जितक्या लवकर होईल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

पूर्वतयारी

अपग्रेडपूर्वी ॲप नव्या प्रणालीवर चालते का हे त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे, ॲपची अद्ययावत आवृत्ती घ्यावी आणि फोनवरील संग्रहाची प्रत काढावी. खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे याची खात्री करावी. बंद पडलेल्या क्रमांकावर पडताळणीचा संकेत येत नाही आणि खाते परत मिळवणे दुरापास्त होते. पासवर्ड आणि द्विस्तरीय पडताळणीचा पिन माहीत असावा. अनेक वर्षे आपोआप प्रवेश होत राहिल्याने तो विस्मरणात गेलेला असतो. महत्त्वाचे संवाद, पावत्या आणि कागदपत्रांची छायाचित्रे संदेशन ॲपमध्येच न ठेवता वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यावीत. संदेशन ॲप हे देवाणघेवाणीचे साधन आहे. दप्तरखान्याचे काम त्याच्यावर सोपवल्यास प्रत्येक अपग्रेड धोक्याचे ठरते.

हे सुद्धा पहा

संचालन प्रणाली
तत्काळ संदेशन
फायरवॉल
युनिकोड
इन्स्क्रिप्ट
सायबर सुरक्षा